फळीची खालची बाजू

१

दिवाळीचे कंदील उतरले की त्र्यंबक सरांचं डेकचं काम सुरू व्हायचं. पावसाळाभर भिजून फळ्यांवर शेवाळाची हिरवी साय धरलेली असे. ती आधी काथ्याने घासून काढायची. मग चार-पाच दिवस लाकूड उन्हात नीट वाळू द्यायचं, वर पॉलिश पेपर मारायचा आणि शेवटी अळशीचं तेल फडक्याने, रेषेच्या दिशेने जिरवायचं. पहिला हात दिल्यावर दोन दिवस थांबून दुसरा. घाई केली तर लाकूड चिकट होतं, आळस केला तर कुजतं. तळेगावात एकतीस वर्षं पोरांना सुतारकाम शिकवलेल्या माणसाला हे कुणी सांगायची गरज नव्हती.

पवना धरणाच्या फुगवट्याला लागून असलेलं हे दोन खोल्यांचं घर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं. दोन वर्षांपूर्वी सरांच्या पत्नीला, इंदिराबाईंना, पक्षाघाताचा झटका आला. डावं अंग लुळं पडलं आणि वाचाही गेली. तळेगावच्या फ्लॅटमध्ये त्या दिवसभर भिंतीकडे बघत बसायच्या. एकदा सर त्यांना या घरी घेऊन आले, तेव्हा पाणी बघून त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तेवढ्यावर सरांनी बिऱ्हाड हलवलं. घराच्या ओट्यापासून थेट पाण्यावर जाणारा सागवानी डेक त्यांनी स्वतः बांधला. खांबांना डांबर, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या बावीस फळ्या, दोन फळ्यांमध्ये पेन्सिल जाईल एवढी फट. चाकांच्या खुर्चीला कुठे धक्का म्हणून बसता कामा नये. रोज संध्याकाळी पाचला ते खुर्ची ढकलत टोकाशी नेत आणि समोरच्या डोंगरामागे सूर्य जाईपर्यंत दोघं तिथे बसत.

या वर्षी सगळं वेळेवर झालं होतं. एक फळी सोडून.

टोकाकडून तिसरी. जिथे इंदिराबाईंची खुर्ची थांबायची, नेमकी ती. सकाळी तेल दिलं की दुसऱ्या दिवशी ती राखेसारखी कोरडी. बाकीच्या एकवीस फळ्या मधासारख्या चमकत होत्या आणि ही मधेच पांढरीफटक, जणू तिला कुणी कधी हातच लावला नव्हता.

२

सरांनी तिसरा हात दिला, चौथा दिला. तेलाचा डबा संपला. त्यांनी लोणावळ्याच्या दुकानदाराला फोन लावला.

"सर, तेल एक नंबर आहे. बाकी कुणाची तक्रार नाही."

"बाकीच्यांना लाकूड कळत नसेल!" सरांनी फोन आपटला.

मग राग सागवानाच्या वखारवाल्यावर निघाला, मग हवेवर, मग पलीकडच्या काठावरच्या तंबूवाल्यांवर. त्यांची गाणी शनिवारी दुपारपासून पाण्यावरून ठणठणत यायची. आताशा सरांना सगळ्याचाच त्रास व्हायचा. औषधाच्या पट्टीतली गोळी लवकर निघाली नाही तरी व्हायचा. दोन वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ ते बायकोच्या डाव्या पायाचा व्यायाम घेत आले होते. पाऊल वर, पाऊल खाली, बोटं वाकवायची, सोडायची. पाऊल ओल्या कणकेसारखं त्यांच्या हातात पडून राहायचं. एकदासुद्धा त्याने उत्तर दिलं नव्हतं.

"लाकूडच खादाड हाय, सर," भिकाजी म्हणाला. भिकाजी शेजारच्या वाडीतला, पंचावन्नचा शिडशिडीत माणूस. भाताची कापणी उरकली की इकडच्या कामाला यायचा. त्याची बायको हिरा स्वयंपाक करायची आणि इंदिराबाईंची अंघोळ-वेणी बघायची. "समदं तेल पितंय आन् वर ढेकर बी देत न्हाई."

"लाकूड खादाड नसतं, भिकाजी. एका झाडाच्या फळ्या आहेत या. हिच्या शेजारची फळी हिची सख्खी बहीण आहे."

त्या आठवड्यात फिजिओथेरपिस्ट श्रद्धा आली. दर गुरुवारी ती लोणावळ्याहून स्कूटीवर यायची. तिने इंदिराबाईंचं डावं पाऊल हातात घेतलं, दाबलं, थांबली. पुन्हा दाबलं.

"काका, अभिनंदन! अंगठ्यात हालचाल आलीये. पोटरीसुद्धा घट्ट झालीये. किती वेळ व्यायाम घेताय हल्ली?"

 त्या फळीच्या नादात गेले तीन आठवडे त्यांनी व्यायाम घेतलाच नव्हता. पाचला खुर्ची टोकाशी नेऊन ठेवायची आणि स्वतः काठावर हत्यारं घासत बसायचं, एवढंच चाललं होतं. आनंद व्हायला हवा होता. झाली ती चिडचिडच. दोन वर्षं घाम गाळला तेव्हा काही नाही आणि पाठ फिरवली तर अंगठा हलतोय.

३

शेवटी त्यांनी फळी उचलून बघायचं ठरवलं. पेचकस घेऊन गुडघ्यांवर बसले. पितळी स्क्रू त्यांनी स्वतः वरून बसवले होते, डोकी बुडवून वर मेण भरलेलं होतं. त्यांनी टोच्याने मेण खरवडलं. आत स्क्रूची खाच लागायला हवी होती. लागलं ते टोक. अणकुचीदार, सुईसारखं.

दुसरं भोक खरवडलं. तिथेही टोकच.

 सर पोटावर झोपले आणि फळीच्या बाजूने हात खाली घालून तुळईचं पोट चाचपलं. पाणी मनगटाला लागत होतं. बोटांना स्क्रूची डोकी लागली. म्हणजे कुणीतरी त्यांचे स्क्रू काढून खालून लांब स्क्रू बसवले होते. त्यासाठी गळाभर पाण्यात उभं राहून, मान वाकडी करून काम करायला हवं. त्यांनी एकेका डोक्यावरून बोटाचं टोक फिरवलं. सगळ्या खाचा एका रेषेत होत्या, लाकडाच्या रेषेला धरून. पोरांना ते वर्षानुवर्षं ओरडून सांगत आले होते, स्क्रू घट्ट झाला म्हणजे काम संपलं नाही, खाच रेषेत आली पाहिजे. शंभरातली पाच पोरं ऐकायची.

ज्याने हे केलं होतं त्याने ऐकलेलं होतं.

कटावणी घालून त्यांनी फळी उचकटली आणि उलटी केली. खालची बाजू तेलाने न्हालेली होती. हातावर घासून, पुसून, पुन्हा तेल देऊन आणलेली झळाळी. सरांनी तळवा फिरवला. इतकी गुळगुळीत फळी त्यांना स्वतःला गेल्या दहा वर्षांत जमली नव्हती. त्या झळाळीवर एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक असे दोन मंद, झिजलेले पट्टे होते.

तसेच दोन पट्टे फळीच्या वरच्या बाजूलाही होते. ते कशाचे, हे सरांना माहीत होतं. खुर्चीच्या चाकांचे.

तेल झिरपून खाली उतरलं असेल, त्यांनी स्वतःला समजावलं. पट्टे वखारीतल्या यंत्राचे असतील. पण मग स्क्रू? स्क्रूचं काही केल्या जमेना. जे जमत नाही त्याचा त्यांना फार राग यायचा.

४

राग भिकाजीवर निघाला.

"हत्यारांच्या पेटीची किल्ली कुणाकडे असते?"

"माज्याकडं. तुमीच दिलीया."

"मग हे उद्योग कुणी केले? माझं काम काढून आपलं ठेवलंय. वर मलाच सांगायचं, लाकूड खादाड आहे म्हणून? काय मिळवलंस तू यातून?"

सर त्याला नेहमी 'तुम्ही' म्हणत. 'तू' ऐकल्यावर भिकाजीने हातातला विळा हळूच खाली ठेवला.

"सर, मला पवता येत न्हाई. ह्या पान्यात मी गुडग्याच्या वर कदी उतरलो न्हाई. आन् मागल्या हप्त्यात चार दिस मी भाजे गावाला व्हतो, भाचीच्या लग्नाला. रजा तुमीच दिलती."

ते खरं होतं. सरांना आठवलं, पण तोंडातून शब्द निघून गेले होते आणि ते परत घ्यायची त्यांना सवय नव्हती. भिकाजीने किल्ली ओट्यावर ठेवली. स्वयंपाकघरातून हिरा हात पुसत आली. काय झालं ते तिने विचारलं नाही. जाताना तिने इंदिराबाईंच्या केसांवरून एकदा हात फिरवला.

मग सगळंच सरांच्या गळ्यात आलं. कुकरच्या शिट्ट्या, अंघोळ, कपडे, चादरी. भात लागला, दूध उतू गेलं, वेणी धड घालता येईना. इंदिराबाई तोंडातून आवाज न काढता त्यांच्याकडे बघत राहायच्या. त्या नजरेत तक्रार होती की कीव, हे सरांना कळत नव्हतं. दोन्हीचा त्यांना सारखाच वैताग येत होता.

उचकटलेली फळी त्यांनी झळाळती बाजू वर ठेवून परत बसवली. स्क्रू वरून, नवे, जाडजूड. दुसऱ्या दिवशी ती वरून राखेसारखी होती. मेण खरवडलं तर आत टोकं.

५

पाच वाजले होते. ऊन अजून पाण्यावर होतं. खुर्ची टोकाशी लावून सर काठावर पॉलिश पेपर घडी करत बसले होते. तेव्हा आवाज आला.

टक. टक टक.

आवाज इंदिराबाईंच्या खुर्चीकडून येत होता. सर उठून गेले. इंदिराबाईंचं डावं पाऊल पायपट्टीवरून खाली उतरून फळीवर आलं होतं. टाच टेकलेली, आणि चवडा हळूहळू, ठरवून आपटत होता. टक. टक टक.

 सर वाकणार एवढ्यात इंदिराबाई थांबल्या. मान एका बाजूला कलती केली, दारावर थाप देऊन माणूस वाट बघतं तशी.

खालून आलं, टक. टक टक.

खांबाला ओंडका लागत असेल. लाट असेल. पण पाणी ताटासारखं स्थिर होतं. सर फळीवर ओणवे झाले. पेन्सिलभर फटींतून खालचं पाणी चकाकताना दिसायला हवं होतं. सगळ्या फटींतून ते दिसत होतं. फक्त खुर्चीच्या खालच्या फटी काळ्या होत्या. खुर्चीची सावली, ते मनात म्हणाले. पण ऊन समोरून येत होतं आणि सावली मागच्या फळ्यांवर पडली होती.

त्यांनी खुर्ची मागे ओढली. इंदिराबाईंनी उजव्या हाताने डेकच्या कडेचा कठडा घट्ट पकडला.

"सोड, इंदू. घरात चल."

त्या सोडेनात. सरांनी बोटं एकेक करून सोडवली, तर त्यांनी पुन्हा पकडला.

"सोड म्हणतो ना! दोन वर्षं मी मरमर मरतोय आणि तुला…" पुढचं वाक्य त्यांनी गिळलं, पण आवाज पाण्यावरून पलीकडे गेला आणि डोंगराला लागून परत आला. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत ते बायकोवर असे कधी ओरडले नव्हते. इंदिराबाईंनी कठडा सोडला. घरात जाईपर्यंत त्या मागे वळून फळ्यांकडे बघत होत्या आणि डावं पाऊल हवेतच आपटत होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या घरातल्या मुक्ताबाईंना अर्धा तास इंदिराबाईंजवळ बसवून सर वाडीत गेले. भिकाजी अंगणात पेंढा रचत होता. दारावर बाबासाहेबांचा फोटो, त्याला ताजा हार. हिराने पाणी आणून दिलं.

"भिकाजी, माझं चुकलं," सर म्हणाले. एवढं म्हणायला त्यांना पूर्ण तांब्याभर पाणी लागलं.

भिकाजी पेंढी रचून खाली उतरला. "बसा, सर. च्या घ्या."

सरांनी त्याला सगळं सांगितलं. स्क्रू, तेल, पट्टे, आवाज. सांगताना स्वतःचीच लाज वाटत होती. एके काळी वर्गात कुणी असलं बोललं असतं तर त्याला त्यांनी बाकावर उभं केलं असतं.

भिकाजीने शांतपणे ऐकून घेतलं. "आमी असलं काय मानत न्हाई, सर. माज्या बापानं मानलं न्हाई, मी बी न्हाई. पर लाकडानं जर माणसाला इतका ताप द्यायचा असंल तर ते ठिवायचं कशाला? उपटून टाकू."

हा विचार आपल्याला कसा सुचला नाही, याचं सरांना नवल वाटलं. त्यांनी आयुष्यभर लाकूड राखलं होतं. उपटायचं मनातच आलं नव्हतं.

७

अकरा वाजता काम सुरू झालं. इंदिराबाईंची खुर्ची सरांनी घराच्या ओट्यावर, सावलीत लावली आणि चाकांना दगड लावले. हिरा आत भात टाकत होती.

त्यांनी टोकापासून सुरुवात केली. पहिली फळी भिकाजीने पहारीने उचकटली आणि उलटी करून ठेवली. तीही खालून झळाळत होती. तिच्यावरही दोन पट्टे होते. आता ते नुसते पट्टे नव्हते, बोट आडवं बसेल एवढे खोल चर होते. वरच्या बाजूचे त्यामानाने नुसते ओरखडे.

"बाईंची खुर्ची तर दोनच वर्सं चालतीया हितं," भिकाजी म्हणाला. "हे लय वर्सांचं हाय."

"डेकच दोन वर्षांचा आहे," सर म्हणाले.

 दुसरी फळी निघाली. मग तिसरी. भिकाजीने पहार घातली, टोकं करकरत सुटली, फळी एका बाजूने उचलली गेली. सरांनी ती धरली आणि ओढली.

फळी आली नाही.

"स्क्रू राहिलाय का बघा."

"न्हाई, सर. समदे सुटलेत."

सरांनी पाय रोवून ओढली. फळी दोन बोटं वर आली आणि तेवढीच खाली गेली. अडकलेलं लाकूड असं येत-जात नाही. सरांनी ओढलं, खालून ओढलं गेलं. गेल्या महिनाभराचा संताप त्यांच्या दंडांत उतरला. तेल, वखार, शिट्ट्या, चादरी, सगळं एकवटून त्यांनी हिसका दिला आणि फळीची कड उन्हात आली.

कडेवर चार बोटं होती.

फार दिवस पाण्यात राहिल्यासारखी पांढरी, सुरकुतलेली, म्हाताऱ्या माणसाची. नखांच्या कडांना अळशीच्या तेलाचा पिवळा डाग बसला होता. त्यांच्यापासून वीतभर अंतरावर सरांची स्वतःची चार बोटं होती. नखांना तोच पिवळा डाग. तर्जनी तशीच, पहिल्या पेरापाशी थोडी बाहेर वळलेली.

"अहो."

आवाज मागून आला, ओट्यावरून. खरखरीत, दोन वर्षं न वापरलेला, पण स्पष्ट. सरांनी वळून पाहिलं. इंदिराबाई खुर्चीत पुढे झुकल्या होत्या.

"इंदू!" सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "इंदू, तू बोललीस!"

पण त्या सरांकडे बघत नव्हत्या. त्या उघड्या पडलेल्या जागेतून खाली, पाण्याकडे बघत होत्या.

"अहो, सोडा ना," त्या लाडीगोडीने म्हणाल्या. "घाबरलेत ते."

खालची ओढ एकदम सुटली. सर फळीसकट पाठीवर आपटले. पाण्यात काही पडल्याचा किंवा बुडाल्याचा आवाज झाला नाही. भिकाजी पहार उगारून उभा होता. तो पाण्यात बघत होता. सरांपेक्षा त्याला जास्त दिसलं असणार, कारण तो उभा होता आणि सर पाठीवर पडलेले. पहार त्याने हळूहळू खाली घेतली.

"काय होतं?" सरांनी विचारलं.

भिकाजीने त्यांना हाताला धरून उठवलं. हात सोडण्याआधी त्याने सरांच्या चेहऱ्याकडे नीट, वेळ घेऊन पाहिलं. ओळख पटवून घ्यावी तसं.

"चला, सर," तो म्हणाला. "बाईंना घेऊन आजच्या आज तळेगाव गाठा. बाकीच्या फळ्या माज्यावर सोडा."

८

आता ते तळेगावात राहतात, घोरावाडी स्टेशनच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. फुगवट्याकडचं घर बंद आहे. भिकाजीने उरलेल्या फळ्या काढून जाळल्या. फोनवर त्याने एवढंच सांगितलं, आणि पुढे काही विचारायची सरांना संधीच दिली नाही.

इंदिराबाईंची तब्येत झपाट्याने सुधारते आहे. वॉकर घेऊन त्या खिडकीपर्यंत जातात. दूधवाल्याशी बोलतात, श्रद्धाशी फोनवर बोलतात, खालच्या मजल्यावरच्या बाईंकडून वांग्याच्या भाजीची कृती विचारून घेतात. "काका, तुमच्या मेहनतीचं फळ आहे हे," श्रद्धा म्हणते. डॉक्टर म्हणतात, अशा आजारात वाचा कधी कधी अशीच अचानक परतते. सरांशी मात्र त्या बोलत नाहीत. त्यांनी पुढे केलेली गोळी घेतात, चहा घेतात, मान लववतात. बस.

परवा संध्याकाळी सरांचा धीर सुटला. ते इंदिराबाईंच्या पायाशी खाली बसले, डावं पाऊल हातात घेतलं. पाऊल आता गरम होतं, जिवंत होतं. सांगितलं की वर होत होतं.

"इंदू," ते म्हणाले, "मी काही चुकलो असेन. त्या दिवशी ओरडलो, ते चुकलंच. पण सगळ्या जगाशी बोलतेस, माझ्याशी एक शब्द नाही. असं नको करू. माझ्याशी बोल."

इंदिराबाईंनी हळूच पाऊल मागे घेतलं. पदर खांद्यावर सारखा केला. पुष्कळ दिवसांनी घरी आलेल्या, नाव पटकन न आठवणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघून त्या हसल्या.

"खाली काय बसलात? खुर्चीवर बसा ना," त्या म्हणाल्या. "ते हातपाय धुताहेत. येतीलच एवढ्यात."

घरात त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. सर जागचे हलले नाहीत.

आत, मोरीतला नळ बंद झाला.